हेमलताबाईंना कळेपर्यंत

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, लावा पैज. सावद्याच्या हेमलताबाई भारंबे यांना एक साधी गोष्ट कळत नव्हती, म्हणून तिकडे दक्षिणेत कुठेतरी एक आख्खी बहुमजली इमारत रात्रंदिवस घरघरत होती. आत चिटपाखरू नाही. नुसती यंत्रं, आणि ती तापू नयेत म्हणून खेळवलेलं तळंभर पाणी. कशासाठी? तर सावद्यातल्या एका म्हाताऱ्याला आपण सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवावं म्हणून. नका मानू. लोखंड हवेत उडतं हेही आपल्या पणज्यांनी मानलं नव्हतं.

तो म्हातारा म्हणजे हेमलताबाईंचे यजमान, मुरलीधरराव. उभा जन्म एस.टी. स्टँडच्या खिडकीत बसून गाड्या पुकारण्यात गेला. आवाज असा, की त्यांनी ‘यावल’ म्हटलं की मागच्या गोठ्यातल्या म्हशीसुद्धा यावलच्या बाजूला तोंड करायच्या. निवृत्त झाले आणि काही वर्षांत विसरायला लागले. आधी चष्मा, मग पथ्य, मग आज वार कोणता ते. आणि एका सकाळी चहाची बशी हातात धरून त्यांनी बायकोला मोठ्या अदबीनं विचारलं, “माफ करा, तुम्ही कोण?”

झालं होतं ते असं. मेंदूत खोल, कानाच्या आतल्या अंगाला, बोटाएवढा एक वळलेला भाग असतो. दिवसभरात जे घडतं ते हा भाग विजेच्या बारीक ठोक्यांच्या भाषेत उतरवतो आणि मागच्या कोठारात पाठवतो. मुरलीधररावांचा तो भाग वाळत चालला होता. कोठार शाबूत, पण कोठाराकडे जाणारा रस्ता बंद. त्यामुळे त्यांना लग्नातली, लांब शेपट्याची हेमा लख्ख आठवायची; समोरची पांढऱ्या केसांची बाई कोण, ते मात्र कळेना.

मग ‘अनुस्मृती’ नावाच्या कंपनीनं उपाय आणला. केसाहून बारीक तारा त्या वाळलेल्या भागात सोडायच्या आणि कानामागे बिब्ब्याएवढी डबी बसवायची. डोक्यात येणारे ठोके डबी त्या दूरच्या इमारतीला कळवायची. निरोगी मेंदूनं हे कसं उतरवून घेतलं असतं, याचा हिशेब तिथली यंत्रं करायची आणि तयार ठोके परत धाडायची. पापणी लवायच्या आत. डबी बसवली आणि आठवड्याभरात मुरलीधरराव सकाळी उठून म्हणाले, “हेमा, केस केव्हा गं पांढरे झाले तुझे?”

करारावर सही हेमलताबाईंची होती. मुरलीधररावांना तेव्हा स्वतःची सही आठवत नव्हती.

पुढे व्हायचं तेच झालं. कंपनीनं नवी, सुधारलेली डबी काढली. जुन्या तारांना ती चालेना, आणि तारा बदलायला पुन्हा डोकं उघडावं लागणार. मुरलीधररावांचं वय पाहून डॉक्टरांनी कानांवर हात ठेवले. कंपनीनं जुन्या गिऱ्हाइकांचे करार संपवायचं ठरवलं.

आता करार संपतो नेमका केव्हा, यावर पूर्वीपासून घोळ. कोणी म्हणे नोटीस धाडली तेव्हा. कोणी म्हणे पोचली तेव्हा. मग ती फोनवर यायला लागली, आणि लोक न वाचताच ‘मान्य आहे’ वर बोट ठेवू लागले. सकाळी दूध तापवताना बोट ठेवायचं आणि संध्याकाळी कळायचं की आपण घराबाहेर. शेवटी आकलन कायदा आला. त्याचं म्हणणं एवढंच: ज्याचा करार संपवायचा त्याच्या मनाला ते भिडल्याशिवाय करार संपला असं धरायचं नाही. ज्या क्षणी भिडलं, त्या क्षणी संपला. एक पळ आधी नाही, एक पळ नंतर नाही.

भिडलं हे ओळखायचं कसं, तर समजपट्टी. आपल्याशी संबंध असलेली एखादी गोष्ट मनात उतरली की क्षणभरानं मेंदूत विजेची एक लाट उठते. शब्द नुसते कानावर पडले तर ती जेमतेम फुरफुरते. अर्थ लागला, आणि आपल्याला लागला, तर उंच उसळते. कपाळाला बांधलेली पट्टी ती लाट टिपते आणि मधोमध हिरवा दिवा लावते. दिवा लागला की करार संपला. डबी त्याच क्षणी मुकी; मनात चाललेलं तेवढं घटकाभर टिकणार, मग तेही पुसलं जाणार.

पट्टी घेऊन आला जगन्नाथ झांबरे. नोटिसा वाचून दाखवायचा सरकारमान्य परवाना होता त्याच्याकडे. मूळचा रावेरचा, पन्नाशीचा, पोट सुटलेला, मनानं मऊ. अशी कामं नेहमी मऊ माणसांच्याच गळ्यात पडतात.

“ताई, बसा जरा,” तो म्हणाला. “वाईट वाटून घेऊ नका. म्हणजे घ्या, कायद्यानं घ्यावंच लागतं.”

हेमलताबाई पाटावर बसल्या. झांबरेनं पट्टी बांधली, घसा साफ केला आणि वाचलं. कंपनी सेवा बंद करत आहे. बंद झाल्यावर रुग्णाची नवी स्मृती राहणार नाही. रुग्ण जवळच्या व्यक्तींना ओळखेलच असं नाही.

दिवा लागला नाही.

“कळलं ना ताई?”

“कळलं.”

“काय कळलं, सांगा बरं.”

“डबी बंद होणार. मग हे मला ओळखणार नाहीत. मी आंघोळीचं पाणी काढलं की म्हणतील, तुम्ही कशाला त्रास घेता, माझी बायको येईल इतक्यात.” हेमलताबाई पाटावरून उठल्या. “चहा टाकू का, झांबरेभाऊ?”

झांबरेनं पट्टी काढून झटकली, स्वतःच्या कपाळाला बांधली आणि मुलीच्या लग्नाचा विचार केला. दिवा भक्कन लागला. पट्टी ठीक होती.

तो पुन्हा आला. सोप्या मराठीत वाचलं. मग घरच्या लेवा बोलीत वाचलं, हातवारे करून. मग कंपनीनं चित्रफीत पाठवली. तिच्यात एक म्हातारा बायकोला दाराबाहेर काढताना दाखवला होता. झांबरेच रडला. हेमलताबाई म्हणाल्या, “ही बाई गुजराथी पदर का घेऊन राहिली? आपल्यातली दिसत नाही.” पट्टी अंधारी ती अंधारीच.

तोवर बाकीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना समजून चुकलं होतं. जळगावच्याला समजलं, नाशिकच्याला समजलं. ती सात की नऊ मजल्यांची इमारत आता एकट्या मुरलीधररावांसाठी घरघरत होती. असं म्हणतात की तिथल्या पहारेकऱ्यानं दारावर यांचा फोटो लावला होता आणि रोज त्याला हार घालायचा. नोकरी त्यांच्यावरच टिकून होती.

सावद्यात ही बातमी पसरायला किती वेळ? ज्यांना ज्यांना कुठली ना कुठली समाप्ती बजावली जाणार होती, ते सगळे भारंब्यांच्या ओट्यावर येऊन बसू लागले. दुकानाची जागा सोडावी लागणारा एक शिंपी. शाळेतून कमी होणारी एक बाई. एकाला तर बायकोनंच नोटीस दिली होती.

“काकू, आम्हालाबी शिकवा ना न समजायला,” शिंपी म्हणाला.

“मी काही करत नाही रे.”

“तेच शिकवा. काही न करणं. मी लई प्रयत्न केला. पट्टी बांधायच्या आधीच दिवा लागला माझा.”

“मनात काही म्हणत असतील त्या,” शाळेची बाई म्हणाली. “मंत्र वगैरे.”

“मंत्र नाही बाई. वांगी निवडत असते मी.”

दुसऱ्या दिवशी सगळे घरून वांगी घेऊन आले. हसू नका, माणूस बुडायला लागला की वांग्यालाही धरतो. ओट्यावर वांग्यांचा ढीग पडला, आणि त्या आठवड्यात सावद्यात घरोघर भरीत झालं. समजायचं ते मात्र सगळ्यांना समजलंच. एकेक जण ओट्यावरून कमी झाला.

कंपनीला संशय, की बाई नाटक करते. त्यांनी पुण्याहून मेंदूच्या डॉक्टर पाठवल्या, गोडबोले नावाच्या. तरुण, चुणचुणीत. त्यांनी हेमलताबाईंना एक संपूर्ण दिवस तपासलं. अचानक टाळी वाजवली. लिंबू चाखवलं. आरसा दाखवला. शेवटी हात पुसत म्हणाल्या, “नाटक नाही.”

“मग काय आहे हो?” झांबरेनं विचारलं.

“घट्टा पडलाय. कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला पडतो तसा. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आदळली की मेंदूतली लाट बुटकी होत जाते; हे तुमच्याआमच्यातही होतं. सुतकाच्या घरात दहाव्या माणसाला सांगताना पहिल्यासारखं रडू येतं का? यांना डबी बसायच्या आधी ‘तुम्ही कोण’ हे दिवसातून कितीदा ऐकावं लागलं असेल, विचार करा. वर्षानुवर्षं. प्रत्येक वेळी लागलं असतं तर ही बाई उरली नसती. शब्द आत येण्याचा दरवाजाच त्यांनी लावून घेतलाय.”

“मग तो उघडणार कसा?”

“माहीत नाही. उघडावा असं वाटतं का तुम्हाला?”

झांबरे पट्टीची घडी घालू लागला. हेमलताबाई स्वयंपाकघरात कणीक तिंबत हे सगळं ऐकत होत्या. आपल्याबद्दल चाललंय हे त्यांना कळत होतं. शेजारणीच्या सुनेबद्दल चालावं तसं. कणकेत पाणी थोडं जास्त झालं, तेवढी मात्र काळजी वाटली.

मुरलीधररावांपासून कोणी काही लपवलं नव्हतं. डबी होती, त्यांना सगळं आठवत होतं, आणि स्टँडवर आयुष्य काढलेल्या माणसाला कोण कशासाठी ताटकळलंय हे बघताक्षणी ओळखू येतं. ते रोज पट्टी घेऊन येणाऱ्या झांबरेशी गप्पा मारायचे, पेपर वाचायचे, आणि कालच्या पेपरातलं आज आठवतं म्हणून लहान पोरासारखे खूश व्हायचे. ती डबी त्यांना प्यारी होती. कोणाला नसती?

मग पल्लवीचा फोन आला. पल्लवी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, नागपूरला दिलेली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की मुलाबाळाचा विषय काढायचं सगळ्यांनी सोडलं होतं.

“आई! आई, मुलगी झाली गं!”

“हो का,” हेमलताबाई म्हणाल्या. “बरं झालं. तू जेवलीस का?”

मग पल्लवी म्हणाली, “बाबांना दे.”

मुरलीधररावांनी फोन घेतला आणि अशी आरोळी ठोकली की रस्त्यानं जाणाऱ्या केळीच्या ट्रकवाल्यानं गाडी थांबवून वळून पाहिलं. बोलून झाल्यावर ते स्वयंपाकघरात आले. हेमलताबाई शेंगदाणे भाजत होत्या.

“हेमा, आपल्या पल्लवीला मुलगी झाली.”

“ऐकलं ना. मीच तर घेतला फोन.”

“तू हसली नाहीस.”

“हसले की.”

“नाही हसलीस. मावशी वारली तेव्हा रडली नाहीस. मागे माझ्या हातून तुझ्या आईचा तांब्या विहिरीत पडला, तेव्हा भांडलीसुद्धा नाहीस. मला वाटलं, म्हातारपणी गरीब झाली बायको.”

“शेंगदाणे करपतील. बाजूला व्हा.”

ते बाजूला झाले नाहीत. “डबी बंद झाली आणि मी पुन्हा विचारायला लागलो, तर काय करशील?”

“सांगेन. हेमलता म्हणून.”

“पुन्हा विचारलं तर?”

“पुन्हा सांगेन.”

“आणि तुला काही वाटणार नाही.”

“वाटून कसं चालेल?” त्यांनी कढई उतरवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःख नव्हतं. रॉकेलच्या दुकानावरच्या पाटीत असतो, तेवढाच जीव होता. मुरलीधरराव बाहेर जाऊन ओट्यावर झांबरेजवळ बसले. खिडकी उघडी होती.

“झांबरे, हिला समजत नाही म्हणून मी शाबूत. बरोबर?”

“बरोबर, भाऊ. कायद्यानं.”

“आणि मी शाबूत राहावा म्हणून ही अशीच राहणार. दगडासारखी.”

“त्या मुद्दाम करत नाहीत, भाऊ.”

“मुद्दाम करत असती तर मी भांडलो असतो.” मग थोड्या वेळानं, “नातीचं बारसं आहे हो पुढं. आजीनं पाळणा म्हणायचा असतो. ही कणकेला पाणी किती ते सांगेल.”

झांबरे हसला. हेमलताबाईंनी हेही ऐकलं, आणि शेंगदाण्यांची सालं पाखडून अंगणात टाकली.

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, मुरलीधररावांनी झांबरेच्या हातून पट्टी घेतली. “आज तुम्ही वाचू नका. ओट्यावरच थांबा. दार लोटून घ्या.” आत येऊन त्यांनी ती हेमलताबाईंच्या कपाळाला बांधली. बांधता येईना, गाठ दोनदा सुटली.

“हे काय? आधी तुमचं पान वाढते मी.”

“माझं नंतर. तू बस.”

“मी?”

“बस म्हणतो ना. मी वाढतो.”

त्या बसल्या, कारण उभं राहून वाद घालण्याइतकंही त्यांना काही वाटत नव्हतं. वरणबट्टीचा बेत त्यांनीच सकाळी करून ठेवला होता. मुरलीधररावांनी जन्मात कोणाला वाढलं नव्हतं. त्यांनी वरण ताटात ओतलं ते ताटाच्या काठापर्यंत गेलं.

“तूप कुठं ठेवतेस?”

“तुमच्या हातात आहे.”

“अस्सं.” त्यांनी बट्टीवर तुपाची धार धरली. वांग्याची भाजी वाढली. “घे.”

हेमलताबाईंनी बट्टी कुस्करली, दोन घास खाल्ले. पान अर्धं व्हायच्या आत दुसरी बट्टी आली.

“पुरे हो.”

“घे गं. अर्धी.”

“नको, खरंच.”

“हेमा, आधी पोटभर जेव.”

त्यांचा हात वरणातच राहिला.

ताटावर बसलेल्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, ही आपल्याकडची रीत. कोणी गेल्याचा निरोप आला, तरी निरोप्या दाराबाहेर थांबतो. घरातलं कोणीतरी आत जाऊन त्या जेवणाऱ्याला वाढतं. नेहमीपेक्षा जरा जास्त आग्रहानं, त्याच्या डोळ्यांत न बघता. कारण आज हा उठला की मग कितीतरी वेळ त्याच्या घशाखाली घास उतरणार नाही. हेमलताबाईंनी असा आग्रह आयुष्यात पुष्कळांना केला होता. सासरे गेले तेव्हा याच माणसाला केला होता. तेव्हाही बट्टीच होती की पोळी, ते आता आठवत नाही. त्यांना स्वतःला मात्र असं कोणी कधी वाढलं नव्हतं. त्या कायम सगळ्यांच्या मागून जेवायच्या, आणि तोवर बातमी जुनी होऊन गेलेली असायची.

शब्दांचा दरवाजा त्यांनी लावून घेतला होता. वाढणाऱ्या हाताला कोणी दरवाजा लावत नाही.

त्यांनी वर पाहिलं. नवरा तुपाची वाटी घेऊन वाकला होता. तो त्यांच्या ताटाकडे बघत होता, त्यांच्याकडे नाही. बाहेर ओट्यावर झांबरे खाकरला. घासाला चव आली; भाजीत मीठ जास्त पडलं होतं. मग लेकीचा आवाज आला, आई, मुलगी झाली गं, जणू आत्ताच कोणी कानाशी ओरडलं. मग तांब्या. मग मावशी. मग ते सगळे ‘तुम्ही कोण’, एकामागून एक, दाराशी इतकी वर्षं ताटकळलेले, आणि त्यांच्या मागे पुढचेही, अजून न विचारलेले.

हेमलताबाईंनी घास गिळला. पदरानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले, आणि अगदी रोजच्यासारख्या आवाजात म्हणाल्या, “अहो, ऐका. झांबरेभाऊंना म्हणावं, जा घरी. आजही नाही समजलं मला. काही म्हणजे काही समजलेलं नाही.”

मुरलीधररावांनी तुपाची वाटी खाली ठेवली. ते आता त्यांच्याकडेच बघत होते. डोळ्यांच्या थोडं वर, कपाळाकडे.

“खोटं,” ते म्हणाले. “खोटं बोलतेस, हेमा. दिवा लागलाय.”